नाव घ्यायचं कुणाचं

लेक किंचाळली तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. तशीच धावले. अटलांटाजवळच्या अल्फारेटातल्या आमच्या भाड्याच्या टाउनहाउसला कार्पेटचा जिना होता, त्याच्या कठड्यावर माझ्या कणकेच्या बोटांचे ठसे उमटले. मला वाटलं पडली, भाजली, काहीतरी भयंकर झालं. खोलीत जाऊन बघते तर सातवीतली माझी एकुलती एक मुलगी पलंगावर उड्या मारत होती. फोन कानाला, पलीकडे तिची मैत्रीण, आणि तीही किंचाळत असल्याचं मला दारातून ऐकू येत होतं.

"आई, रॅपमध्ये गर्ल्सचं वेगळं अवॉर्ड! दे गेव्ह इट! फर्स्ट टाइम एव्हर!"

"तू धड आहेस ना ते आधी सांग," मी म्हटलं. "माझा जीव गेला इथे."

ही २००३च्या फेब्रुवारीतली गोष्ट. अमेरिकेत दरवर्षी संगीताची जी सगळ्यात मोठी बक्षिसं वाटतात, त्यांत त्या वर्षी पहिल्यांदाच एकटीने रॅप करणाऱ्या बाईसाठी वेगळा विभाग ठेवला होता. तोवर बाई असो की पुरुष, एकाच रांगेत. आता पुरुषांचं वेगळं झालं आणि बायकांचं वेगळं. हे सगळं लेकीने मला नंतर समजावून सांगितलं. ते बक्षीस टीव्हीवर देताना दाखवलं की आधीच देऊन टाकलं होतं, हे मला आठवत नाही. मला आठवतं ते तिचं किंचाळणं, आणि बायकासुद्धा रॅप करतात हे कळल्यावर मला बसलेला धक्का.

कारण माझ्या लेखी रॅप म्हणजे सिग्नलला शेजारी येऊन थांबलेली गाडी. तिच्या धडधडीने आमच्या जुन्या गाडीच्या काचा थरथरायच्या आणि मी काचा वर करून, दारं लॉक करून सरळ समोर बघायचे. अटलांटाच्या आसपास राहायचं तर हे रोजचंच. पण त्या आवाजात बाई असेल, असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि माझी मुलगी, जिला 'शुभं करोति' म्हणताना दोन वेळा अडखळायला होत होतं, तिला ती सगळी गाणी एका श्वासात पाठ होती.

मग मी नीट ऐकायला बसले. निम्मं कळलं नाही. जे कळलं ते ऐकून माझे कान गरम झाले आणि मी रेडिओ फटकन बंद केला.

"हे काय बोलतायत या बाया? लाजबीज?"

"आई, इट्स द क्लीन व्हर्जन!" लेक म्हणाली.

क्लीन म्हणजे हे, तर मळकं कसं असेल, या विचाराने मी दिवसभर गप्प होते. मी मूळची नागपूरची. आमच्याकडे राग आला की आधी आवाज निघतो, विचार मागाहून येतो. मी गप्प बसले म्हणजे किती हादरले असेन ते बघा. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, फेज असते. जाईल." ह्यांच्या मते सगळ्याच गोष्टी जाणाऱ्या असतात. फक्त आमची ग्रीन कार्डाची फाइल तेवढी कुठे जात नव्हती.

पण ती फेज काही गेली नाही. लेक स्वतः लिहायला लागली. बसमध्ये लिहायची, जेवताना ताटलीवर चमच्याने ठेका धरायची, आंघोळीला गेली की आतून रॅप ऐकू यायचं. तिचे बोल मात्र शिवराळ नव्हते. इंग्रजी आणि मराठी यांची तिने अशी काही भेळ केली होती की मला रागवावं की हसावं ते कळेना. एक अजून पाठ आहे.

दे गो, व्हॉट्स दॅट स्मेल? मी म्हणते, मेथी.
तुझ्या पिझ्झापेक्षा भारी, आस्क माय बेस्टी.

शाळेत तिचा डबा उघडला की पोरं नाक दाबायची, हे मला या दोन ओळींवरून कळलं. तोवर तिने घरात चकार शब्द काढला नव्हता. मी हबकूनच गेले. माझी पोर रोज मेथी घेऊन जात होती, नाकं मुरडलेली बघत होती आणि डबा रिकामा करून आणत होती.

त्याच वसंतातली एक दुपार आहे. फोर हंड्रेडवर, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या हायवेवर, ट्रॅफिक तुंबला होता. लेकीला दाताच्या डॉक्टरकडून घेऊन येत होते. रेडिओवर तिची कुणी आवडती बाई चालू होती. त्या दोन-चार महिन्यांत माझाही कान जरा सरावला होता.

"ही बाई मघापासून सारखी कुणाचं नाव घेतेय गं?"

"तिचं स्वतःचं."

"स्वतःचंच? गाण्यात?"

"आई, सगळे घेतात. दॅट्स द होल पॉइंट. आधी आपलं नाव सांगायचं, मग बाकीचं."

मला असं हसू फुटलं की मागच्या गाडीला हॉर्न द्यावा लागला. तिला म्हटलं, हा तर उखाणाच झाला! यमक जुळवायचं, ठसक्यात म्हणायचं आणि शेवटी नाव घ्यायचं. आम्हाला लग्न झाल्यापासून 'नाव घे, नाव घे' करून पिडतात, तेच हे. तिने ऐकवच म्हणून हट्ट धरला. लग्नात नणंदांनी दार अडवलं होतं तेव्हा मी घेतलेला उखाणा मी तिला ट्रॅफिकमध्ये ऐकवला.

चहात किसलं आलं, दुधावर आली साय,
अमुकरावांचं नाव घेते, दार अडवून उभ्या काय?

"ओ माय गॉड," लेक म्हणाली. "सो यू गाइज हॅड रॅप! बट ओन्ली फॉर हजबंड्स?"

"हो. नवऱ्याचंच नाव घ्यायचं असतं."

"आणि तुझं कोण घेतं?"

"माझं कशाला कोण घेईल?"

तिने रेडिओकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, रेडिओवरच्या या बाईचं खरं नाव वेगळंच आहे, हे तिने स्वतः निवडलेलं आहे. मी सहज बोलून गेले, "त्यात काय एवढं. मलाही दोन नावं आहेत."

"नो वे! तू कसं पिक केलंस?"

"मी कुठलं पिक करते. लग्नात बदललं. ताटात तांदूळ पसरतात आणि त्यात नवरा अंगठीने नवं नाव लिहितो."

"म्हणजे लास्ट नेम."

"नाही गं. आडनाव तर बदलतंच. हे नाव."

तिने रेडिओ बंद केला. मी आजवर तिला रेडिओ बंद कर म्हणून शंभरदा ओरडले असेन, पण आपणहून तिने तो बंद केल्याचं मी तेव्हाच पाहिलं. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. दाताची भूल अजून उतरलेली नव्हती, त्यामुळे ते जरा वाकडंही दिसत होतं.

"फर्स्ट नेम? युअर फर्स्ट नेम? विदाउट आस्किंग यू?"

"पद्धत असते बाई. आणि तुझ्या बाबांच्या आत्या होत्या ना, लग्न न केलेल्या, त्या त्याच घरात राहायच्या. त्यांचं आणि माझं नाव एकच. एका घरात त्याच नावाच्या दोघी कशा चालतील? हाक मारली की दोघी येणार."

"सो शी गॉट टू कीप इट."

"हो, त्यांनी ठेवलं."

"आणि तू ओके होतीस?"

मी काय सांगणार? सगळे हसत होते, फोटो काढत होते, मीही हसले होते. मला तेव्हा वाईट वाटलं होतं की नाही, हेच मला आठवेना. तिने विचारलं म्हणून मी जुनं नाव सांगितलं. तोंडातून निघाल्यावर माझं मलाच ते परक्या कुणाचं तरी वाटलं. आईवडील गेलेले, धाकटी बहीण ताई म्हणते, व्हिसावर नवं नाव आणि त्यापुढे 'डिपेंडंट'. त्या नावाने हाक मारेल असं जगात कुणी उरलंच नव्हतं, आणि हे माझ्या लक्षात आलं ते फोर हंड्रेडवर. लेकीने ते नाव अमेरिकन वळणाने दोनदा म्हणून पाहिलं.

"पुरे," मी म्हटलं. "एक्झिट आली."

त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही.

आमच्या भागात मराठी मंडळ होतं. पुण्या-मुंबईची, नागपूर-नाशिकची, सगळीकडची आयटीतली मंडळी. गणपती, दिवाळी, संक्रांत, एवढे कार्यक्रम शाळेचा हॉल भाड्याने घेऊन व्हायचे. त्या वर्षी गणपतीतल्या स्पर्धेत चार मुलांनी उलट्या टोप्या घालून रॅप केलं आणि हॉल डोक्यावर घेतला. सगळे काका लोक "वा रे पठ्ठ्यांनो" करत होते. मुलींना मात्र नऊवारी नेसवून कोळीगीत. माझी लेक त्या कोळीगीतात तिसऱ्या रांगेत, चेहरा असा की टोपलीतल्या माशालाही दया यावी.

घरी जाताना ती थेट अध्यक्षकाकांसमोर जाऊन उभी राहिली. काका भला माणूस. टेलिकॉममध्ये मोठ्या हुद्द्यावर, सगळ्यांना विमानतळावर आणायला जाणारे, पण प्रत्येक गोष्टीत 'बरं दिसतं का' हे आधी बघणारे.

"काका, मला पण रॅप करायचंय. संक्रांतीला."

"तू? अगं, मुलांच्या स्पर्धेत मुलगी... बरं दिसत नाही बेटा."

"मग वेगळी कॅटेगरी करा. नॅशनल अवॉर्डमध्ये पण केलीय. गर्ल्सची सेपरेट."

"असं? त्यांनी केलीय?" काका विचारात पडले. "त्यांनी केली असेल तर आपल्याला करायला काय हरकत आहे."

आणि खरंच, २००४च्या संक्रांतीच्या ईमेलमध्ये 'खास मुलींसाठी रॅप' असं जाहीर झालं. दोनच मुली आल्या. दुसरी बिचारी अर्ध्यात ओळी विसरून रडत आईकडे पळाली. माझ्या लेकीने मेथीचं रॅप म्हटलं. लोक आधी चमकले, मग हसले, मग टाळ्या पिटायला लागले. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "नाव काढलं हो पोरीने." मला एवढा अभिमान वाटला की मी त्या दिवशी दोन गुळपोळ्या जास्त खाल्ल्या. लेकीने बक्षिसाचा प्लास्टिकचा कप मांडीवर घेऊनच घर गाठलं.

पुढच्याच महिन्यात त्या मोठ्या बक्षिसांत बायकांना दुसऱ्या वर्षीही वेगळा मान मिळाला. लेक पुन्हा पलंगावर उड्या मारून आली. मला वाटलं, आता हे दरवर्षीचं. एकदा सुरू झालेलं असं काही बंद होतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

डिसेंबर आला. मी स्वयंपाकघरात होते. लेक कॉम्प्युटरपाशी होती. नामांकनं जाहीर होणार म्हणून सकाळपासून नाचत होती, त्यामुळे किंकाळी आता येईल, मग येईल, म्हणून मी कान तयार ठेवले होते. किंकाळी आली नाही. ती दारात येऊन उभी राहिली, पांढरीफटक.

"आई," ती म्हणाली, "दे कॅन्सल्ड अस."

माझ्या हातातली चिनी मातीची बरणी खाली पडली. आता, व्हिसावर राहणाऱ्या घरात 'कॅन्सल' या शब्दाला एकच अर्थ असतो. ह्यांच्या व्हिसाची सहा वर्षं त्याच वर्षी भरली होती, वाढीव मुदतीवर दिवस चालले होते, ग्रीन कार्डाचा पत्ता नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर घरातलं सामान, गाडी, लेकीची शाळा, सगळं उलटंपालटं झालं. पायाखाली लोणचं आणि काचांसारखे तुकडे, आणि मी तशीच ह्यांना ऑफिसात फोन लावला.

"अहो, आपल्याला कॅन्सल केलं!"

"काय? कुणी? ईमेल आली? वकिलाचा फोन आला?" हे ओरडले. ह्यांना मी तोवर कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

"मला काय माहीत, तिने वाचलं!"

"आई! नॉट अस अस!" लेक मागून कळवळली. "गर्ल्स! रॅप! दे कॅन्सल्ड द कॅटेगरी!"

मी मटकन खुर्चीवर बसले आणि हसायला लागले. हसू थांबेचना, डोळ्यांतून पाणी. तिकडे फोनवर हे "हॅलो, हॅलो" करतायत. लेकीला वाटलं मी तिला हसतेय. ती पाय आपटत वर गेली.

लोणचं पुसून झाल्यावर मी वर गेले आणि नीट ऐकून घेतलं. बायकांचा वेगळा विभाग दोनच वर्षं टिकला होता. आता पुन्हा सगळ्यांना एकत्र केलं होतं. बायकांची गाणी पुरेशी येत नाहीत, असं लोक म्हणत होते. आणि एकत्र केलेल्या त्या यादीत एकाही बाईचं नाव नव्हतं.

"एकही नाही?"

"नॉट वन."

मला हे खरंच वाटेना. दोन वर्षं बोलावून, खुर्ची मांडून बसवलेल्या बाईला 'आता सगळे एकाच पंगतीत' म्हणून उठवायचं, आणि पंगतीत तिचं पानच नाही! ज्या बायांचं बोलणं ऐकून माझे कान गरम झाले होते, त्यांच्यासाठी मी तावातावाने भांडत होते, तेही माझ्याच लेकीच्या खोलीत, जिथे भांडायला विरुद्ध बाजूचं कुणीच नव्हतं.

दोन-तीन आठवड्यांनी मंडळाची संक्रांतीची ईमेल आली. रॅप: मुलं-मुली एकत्र. वेळेअभावी पाच जण निवडले आहेत. पाचही मुलगे, लेकीने नाव देऊनही. मी ती ईमेल चष्मा लावून पुन्हा वाचली. मग काकांना फोन लावला.

"काका, हे काय? मागच्या वर्षी पहिली आलेली मुलगी यंदा यादीतच नाही?"

"अहो वहिनी, दोन एंट्र्यांसाठी वेगळा विभाग कसा चालवायचा? आणि आता तिकडेसुद्धा एकत्रच केलंय म्हणे. आमचा मुलगा सांगत होता. तुमच्याच लेकीने सांगितलं होतं ना, त्यांचं बघून करा म्हणून?"

मला काही सेकंद शब्दच सुचला नाही. नागपूरच्या बाईला असं होणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याने समजावं.

"मग उखाण्याची स्पर्धाही एकत्र करा की," मी शेवटी म्हटलं. "पुरुषांनाही घेऊ द्या बायकोचं नाव."

काका पोट धरून हसले. "वहिनी, तुम्ही म्हणजे ना! उखाणे बायकांचेच शोभतात हो. ती कॅटेगरी कोण बंद करेल?"

खरं होतं ते. ती कधीच बंद होणार नव्हती. तिथे दरवर्षी दोन डझन बायका रांग लावून उभ्या असायच्या, प्रत्येकीच्या ओठांवर दुसऱ्याचं नाव.

लेकीला मी सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ओके." मग म्हणाली, "आय'म डन, आई. रॅपचं नाव काढू नकोस." त्यानंतर घर शांत झालं. जेवताना ठेका नाही, आंघोळीत आवाज नाही, गाडीत बसली की बातम्या लावायची. दोन वर्षं मी ज्या कटकटीला वैतागले होते ती गेली, आणि मला घरात बसवेना. मला भीती वाटायला लागली. ही पोर आता अशीच राहील, नाक दाबणाऱ्यांसमोर डबा बंद करून ठेवेल, कुणी काही विचारलं की 'ओके' म्हणेल. तसं राहणं किती सोपं असतं, ते मला चांगलं ठाऊक होतं. तिने पुन्हा तोंड उघडावं, एवढंच मला हवं होतं, भले मग काचा थरथरोत.

संक्रांतीच्या शनिवारी ती यायलाच तयार नव्हती. वाणाचे डबे उचलायला माणूस हवं म्हणून तिला ओढून नेलं. काळा कुर्ता घालून, स्टीलच्या ताटात तिळगुळाच्या वड्या घेऊन ती हॉलमध्ये फिरत होती. पाच मुलगे रॅप करून गेले. त्यांतले दोघे बरे होते, हे मी प्रामाणिकपणे सांगते. लेकीने त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही.

मग उखाणे सुरू झाले. माईक धरणाऱ्या काकू मोठ्या हौशी, डोंबिवलीच्या. एकेक बाई येत होती, लाजत होती, नाव घेत होती. मीही माझा साय-चहाचा उखाणा टाकून आले. हे पुढच्याच रांगेत बसले होते, नाव आलं तशी ह्यांनी कॉलर ताठ केली. मी ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. तेवढ्यात काकूंचं लक्ष ताट घेऊन चाललेल्या माझ्या लेकीकडे गेलं.

"अरे वा, आमची भावी नवरी! ये गं, ये. तू पण घे नाव!"

सगळ्या बायका खिदळल्या. लेक जागच्या जागी थिजली, कानापर्यंत लाल. माझं डोकं सणकलं. "अहो काकू, पोर आहे ती," म्हणत मी उठायला लागले. पण लेक तोवर ताटासकट स्टेजवर चढली होती.

"कुणाचंही चालेल?" तिने मराठीतच विचारलं.

"हो हो, कुणाचंही!" काकूंना वाटलं असणार, एखाद्या हिरोचं घेईल.

तिने वड्या टेबलावरच्या डब्यात ओतल्या, रिकामं ताट पालथं धरलं आणि बोटांच्या पेरांनी त्यावर ठेका धरला. तो मी ओळखला. माझ्या स्वयंपाकघरात महिनाभर न ऐकलेला तो ठेका होता.

यू कॅन कट माय कॅटेगरी, यू कॅन कट माय टाइम,
नाव माझ्या तोंडात आहे, डझन्ट हॅव टू ऱ्हाइम.
तांदळात नवं लिहिलं तेव्हा जुनं कुणी पुसलं?
नोबडी एव्हर आस्क्ड हर, आणि सगळं घर हसलं.
तिळगूळ घेऊन गोड बोला, मी बोलते खरं,
आज तिचं नाव घेते, ऐका जरा बरं.

आणि तिने माझं नाव घेतलं. जुनं. रॅपवाल्या बाया घेतात तसं, तीन वेळा, दरवेळी आधीपेक्षा मोठ्याने, अमेरिकन वळणाने, ताटावर थाप मारत. भर हॉलमध्ये, माईकवर. छाती एवढी धडधडायला लागली की मला वाटलं शेजारच्यांना ऐकू येतेय.

टाळी पडली नाही. पुढच्या दोन रांगांतल्या कितीतरी जणी मान खाली घालून पदराशी चाळा करत बसल्या होत्या. त्यांतल्या कुणाकुणाचं नाव तांदळात बदललं होतं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. अध्यक्षकाका घड्याळाकडे बघत होते.

"छान हं," काकू कशाबशा म्हणाल्या. "पण ही कोण गं बाई? या नावाचं कुणी आहे का आपल्यात?"

लोक माना वळवून शोधायला लागले. माझ्या शेजारी हेही वळून मागे बघत होते. मग माझ्या कानाशी झुकून, अगदी गोंधळून पुटपुटले, "अगं, ही आत्याचं नाव का घेतेय?"

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. ह्यांनीच लिहिलं होतं ना ते तांदळात, स्वतःच्या अंगठीने. आणि कशाच्या जागी लिहिलं, ते ह्यांच्या लक्षातही उरलं नव्हतं. ह्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, काही नव्हतं. ह्यांना खरंच आठवत नव्हतं.

"कुणी आहे का या नावाचं?" काकूंनी पुन्हा विचारलं.

लेक स्टेजवर ताट छातीशी धरून उभी होती आणि फक्त माझ्याकडे बघत होती. ठेका थांबला होता. मी गप्प बसले असते तर तीही कायमची गप्प बसली असती, हे मला तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं.

मी उभी राहिले आणि ओ दिली.